पडवीतला पट, ज्वारीचे दाणे आणि १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

पडवीतली शाळा (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात मी सातवी-आठवीला गणित शिकवतो. मागच्या आठवड्यात घातांकाचा धडा होता. फळ्यावर दोनाचे घात लिहून पोरांच्या डोळ्यांत काही उमटत नव्हतं, म्हणून शाळेच्या पडवीत फरशीवर खडूनं आठ बाय आठचा पट आखला. पहिल्या घरात ज्वारीचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दर घराला दुप्पट. गोष्ट सगळ्यांना माहीत असते. बुद्धिबळ शोधणाऱ्यानं राजाकडे असेच दाणे मागितले, ती.

ज्वारी मिळवायलाच एक दिवस गेला. सगळा शिवार कपाशी, तूर आणि सोयाबीनचा. शेवटी एका पोरीच्या आजीनं भाकरीसाठी ठेवलेल्या ज्वारीतली दोन किलो दिली आणि परत करायच्या बोलीवर दिली. दहाव्या घरापर्यंत दाणे मोजले. पुढं मोजणं होईना, तेव्हा हजार दाणे मोजून गावातल्या सोनाराच्या काट्यावर टाकले. तीस ग्रॅम भरले. मग पुढची घरं वजनानं भरली. पंधराव्या घराला १६,३८४ दाणे, म्हणजे अर्धा किलोला थोडे कमी. सोळाव्याला जवळपास एक किलो. तिथं ज्वारी संपली. पटाच्या फक्त दोन ओळी झाल्या होत्या.

पुढची ४८ घरं कागदावर. सात जणांनी हातानं दुप्पट करत नेलं, दोघांचं उत्तर वेगळं आलं, चूक शोधली. सगळी बेरीज ही धाग्याच्या नावात आहे ती: १८४४६७४४०७३७०९५५१६१५. बेरीज करावी लागलीच नाही. कोणत्याही घरापर्यंतची बेरीज पुढच्या घरापेक्षा एकानं कमी असते, हे पोरांनी पाचव्या-सहाव्या घरालाच हेरलं होतं. म्हणजे ही संख्या २ च्या ६४ व्या घातातून १ वजा.

वीस अंकी संख्या फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. तेवढ्यात एका पोरीनं विचारलं, "सर, याले कशाकशानं भाग जाते?"

शेवटी ५ आहे म्हणून ५ नं जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ नं जातो, पण ९ नं नाही. १५ नं भागलं तर १२,२९,७८,२९,३८,२४,७३,०३,४४१ आले. त्या वीस अंकी संख्येला ७ नं भागून १ उरला, ११ नं ४ उरले, १३ नं २ उरले. मग घंटा झाली.

तर माझा प्रश्न असा. कॉम्प्युटरला न विचारता, आठवीच्या पोरांच्या हाताला लागेल अशा वाटेनं या संख्येचे सगळे मूळ अवयव काढता येतील का? उत्तर नेटवर आहे हे मला ठाऊक आहे. मला वाट हवी आहे.

काळी कसदार (सोमवार, रात्री ९:४१)

मास्तर, पयले त ज्वारीचं नाव घेतलं, बरं वाटलं. आमच्या लहानपणी इकडं मेहकराकडं खळं भरून ज्वारी राहे. आता कडब्यासाठी बी कोनी पेरत नाई. मले गणितातलं जास्त समजत नाई, पन हे सांगा, सगळ्या पटाची ज्वारी क्विंटलमंदी किती होते? आन् अर्ध्या पटापावतर किती?

पडवीतली शाळा (सोमवार, रात्री १०:०५)

काका, हाच हिशेब पोरांनीही आधी केला. हजार दाण्याला तीस ग्रॅम धरलं तर अर्ध्या पटापर्यंत, म्हणजे पहिल्या ३२ घरांत, ४,२९,४९,६७,२९५ दाणे. त्याचे साधारण १,२८८ क्विंटल. तालुक्याच्या बाजार समितीच्या यार्डात एका दिवशी आरामात मावेल इतकं.

सगळ्या पटाचे मात्र सुमारे ५ लाख ५३ हजार कोटी क्विंटल, म्हणजे ५५,३४० कोटी टन. आपल्या देशात सगळं अन्नधान्य मिळून २०२३-२४ मध्ये ३३ कोटी टनांच्या आसपास पिकलं. त्या हिशेबानं साडेसोळाशे वर्षांहून जास्त काळाचं धान्य.

काळी कसदार (सोमवार, रात्री १०:१२)

खालच्या चार ओळीत एवढा फरक. म्हंजे वरच्या अर्ध्यानं खालच्या अर्ध्याचा काईच अंदाज येत नाई.

बाभुळबन (मंगळवार, सकाळी ७:३०)

सर, मी ग्रामपंचायतीच्या हिशेबाचं काम करते, दिवसभर एक्सेल उघडं असतं. रात्री तुमचा धागा वाचून २ चा ६४ वा घात काढून त्यातून १ वजा केला. पडद्यावर आलं १८४४६७४४०७३७०९६०००००. शेवटी पाच शून्यं!

माझा मुलगा सहावीत आहे. तो शेजारी बसून दूध पीत होता. म्हणाला, "आई, हे चूक आहे. दोनाला दोननं गुणत गेलं तर शेवटी शून्य कसं येईल? आणि त्यातून एक काढला तर विषम पाहिजे." मी थांबूनच गेले. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच नेमका आकडा ठेवतं, त्यापुढं शून्यं भरतं. हे मला कामामुळे माहीत होतं, कारण लांब खातेक्रमांक त्यात टाकले की शेवटचे अंक बिघडतात, ते मजकूर म्हणून टाकावे लागतात. पण चूक पकडली ती सम-विषमच्या ज्ञानानं. वीस अंकी संख्या न मोजता, न भागता, फक्त तिचा स्वभाव ओळखून.

पूर्णाकाठ (मंगळवार, सकाळी ९:०२)

ताई, मुलाला शाबासकी द्या. मी मूळचा पूर्णेकाठचा, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तुमच्या धाग्यातली संख्या आम्हाला रोज भेटते. ६४ बिटांच्या जागेत मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या हीच. ६४ बिटं म्हणजे पटाची ६४ घरंच समजा, प्रत्येक घर 'भरलेलं' किंवा 'रिकामं'. सगळी भरली की ही बेरीज येते. तिच्यात आणखी १ मिळवला की जागा संपते आणि सगळं शून्यावर येतं. ३२ बिटांतल्या चिन्हासह (अधिक-उणे दोन्ही) संख्यांची हद्द २,१४,७४,८३,६४७. तीही तुमच्या पटावर आहे, पहिल्या ३१ घरांची बेरीज. ती मूळ संख्या आहे, हे ऑयलर या गणितज्ञानं १७७२ मध्ये दाखवलं.

संख्यावेडी दर्यापूर (मंगळवार, दुपारी १२:४८)

किती सुंदर धागा! मला या संख्येचं नाव हवं होतं. 'एक लाख चौऱ्याऐंशी हजार कोटी कोटी' असं काहीतरी म्हणत बसण्यापेक्षा भास्कराचार्यांच्या लीलावतीतली स्थानं घेतली. तिथं कोटीच्या पुढं अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी दहा-दहापट नावं आहेत. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. मग आपली संख्या अशी वाचता येते: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधि, ४ शंकु, ४ महापद्म, निखर्व शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी शून्य, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश, ५. मोठ्यानं म्हणून बघा, एकेका अंकाला स्वतःचं घर मिळतं.

आणखी एक. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी 'हर्षद' नावाच्या संख्या सांगितल्या. जिच्या अंकांच्या बेरजेनं तिलाच पूर्ण भाग जातो ती हर्षद. १८ घ्या, बेरीज ९, भाग जातो. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ गुणिले २९. तीननं जातोच, पण २९ नं भागलं तर २३ उरतात. म्हणून ही हर्षद नाही. २ च्या ६४ व्या घाताची बेरीज ८८, त्यात ११ आहे, आणि दोनाच्या घाताला ११ नं भाग जाणं शक्यच नाही. शेजारी-शेजारीच्या दोन्ही राहिल्या. मला थोडं वाईटच वाटलं.

वर्गमूळ (मंगळवार, सायंकाळी ६:२०)

सर, अमरावतीच्या महाविद्यालयात मी तीस वर्षं गणित शिकवलं. तुम्हाला वाट हवी आहे आणि ती तुमच्या पडवीतल्या पटातच आहे. फक्त दाणे नागमोडी न टाकता प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे टाका.

पहिली दोन घरं बघा, १ आणि २, मिळून ३. पुढची दोन घरं ४ आणि ८. ती पहिल्या दोन घरांच्या चौपट आहेत. म्हणजे चार घरांत ३ चा एक वाटा आणि ३ चे चार वाटे, मिळून ३ × ५. आता पुढची चार घरं पहिल्या चारांच्या सोळापट. आठ घरांत १५ × १७. ही झाली एक ओळ, २५५ दाणे.

आता खाली उतरा. कोणत्याही घराच्या थेट खालचं घर आठ वेळा दुप्पट झालेलं असतं, म्हणजे २५६ पट. दुसरी सगळी ओळ पहिलीच्या २५६ पट. दोन ओळी मिळून २५५ × २५७. त्यांच्या खालच्या दोन ओळी त्यांच्या ६५,५३६ पट. चार ओळी मिळून ६५,५३५ × ६५,५३७. आणि खालचा अर्धा पट वरच्या अर्ध्याच्या ४,२९,४९,६७,२९६ पट. म्हणून सगळा पट:

४,२९,४९,६७,२९५ × ४,२९,४९,६७,२९७

दोन्ही गुणक एकमेकांपासून फक्त दोन अंतरावर. आठवीच्या पुस्तकातलं 'अ वर्ग वजा ब वर्ग' हेच, पण पोरांना आधी पट दुमडून दाखवा, सूत्र नंतर लिहा. वरच्या अर्ध्याचे अवयव तर वाटेतच मिळाले: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ संख्या आहेत. ६५,५३७ साठी २५६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल, ते पोरांत वाटून द्या.

उरतं ते एक कुलूप: ४,२९,४९,६७,२९७. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला १६४० च्या सुमारास असं वाटत होतं की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या रांगेतली प्रत्येक संख्या मूळच असते. मग पुढची हीच. तिच्यावर पोरांना एक दिवस झटू द्या, मग बोलू.

पडवीतली शाळा (बुधवार, सायंकाळी ५:३५)

गुरुजी, आज दुपारून लाइन नव्हती, वर्गात अंधार, म्हणून पुन्हा पडवीतच बसलो. एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट काढला आणि खरोखर दुमडला. आधी मधोमध आडवा, मग पुन्हा, मग पुन्हा, एक ओळ उरेपर्यंत. तीच ओळ उभी दुमडून चार घरं, मग दोन, मग एक. सहा घड्या. एका पोरानं प्रत्येक घडीवर पेन्सिलनं अवयव लिहिला. सगळ्यात आतल्या घडीवर ३, मग ५, मग १७, मग २५७, मग ६५,५३७. सगळ्यात बाहेरच्या मोठ्या घडीवर ४,२९,४९,६७,२९७. तो कागद आता फळ्याशेजारी टांगला आहे.

६५,५३७ साठी ५३ मूळ संख्या अठरा जणांत वाटल्या. प्रत्येकाला जवळपास तीन-तीन भागाकार. कुणालाच शून्य बाकी आली नाही, तेव्हा जो आरडाओरडा झाला तो ऐकून शेजारच्या वर्गाच्या मॅडम बघायला आल्या.

पण मोठं कुलूप निघालं नाही. ३, ५, ७, ११ अशा ओळीनं शंभरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या झाल्या. एकानंही भाग जात नाही. तीच पोरगी म्हणाली, "सर, हे मूळच असंल, सोडा आता." मी गप्प बसलो, कारण तिला 'नाही' म्हणायचं तर कारण द्यायला पाहिजे.

वर्गमूळ (बुधवार, रात्री ८:५०)

तिचं चुकलं नाही. फर्मालाही तसंच वाटलं होतं आणि जवळपास शंभर वर्षं ते कुणी खोडून काढलं नव्हतं. १७३२ मध्ये ऑयलरनं दाखवलं की या संख्येला ६४१ नं भाग जातो. तेव्हा तो पंचविशीत होता.

पोरांना दहा अंकी संख्या ६४१ नं भागायला लावू नका. पट पुन्हा आखा, पण आता घरात दाणे नकोत, 'बाकी' लिहा. प्रत्येक घरातले दाणे ६४१ च्या ढिगांत लावले तर किती सुटे उरतात तेवढंच. हिशेब सोपा आहे. आधीच्या घराची बाकी दुप्पट करा, ६४१ पेक्षा जास्त झाली तर ६४१ वजा करा. मोठी संख्या कुठंच येत नाही. ३३ व्या घरात, म्हणजे पाचव्या ओळीच्या पहिल्या घरात काय येतं ते पोरांना बघू द्या. मी सांगत नाही.

काळी कसदार (बुधवार, रात्री ९:१५)

हे मले बी करता येते. कागद घेऊन बसलो.

काळी कसदार (बुधवार, रात्री १०:४०)

मास्तर, माह्या २६ व्या घरात ५ आले. फक्त पाच दाने सुटे! एवढ्या मोठ्या ढिगात पाच. चुकलो का बरोबर?

वर्गमूळ (बुधवार, रात्री १०:५२)

काकाजी, अगदी बरोबर. तिथून पुढं तुम्हाला वजाबाकी लागणार नाही. चालत राहा.

पडवीतली शाळा (गुरुवार, सायंकाळी ५:५०)

आजचा दिवस मी विसरणार नाही.

पट फरशीवर, चार-चार पोरांचे गट, प्रत्येकाच्या हातात खडू. पहिली ओळ सगळ्यांची सारखी: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. दुसऱ्या ओळीत २५६, ५१२, मग १०२४ मधून ६४१ गेले, उरले ३८३. पुढं १२५, २५०, ५००, ३५९, ७७. तिसऱ्या ओळीत एक गट अडला. ६१६ ची दुप्पट १,२३२ त्यांनी तशीच घरात लिहिली आणि पुढं गेले. शेजारच्या गटानं दाखवून दिलं की ६४१ पेक्षा मोठी बाकी असूच शकत नाही. पुसून ५९१ लिहिले. मग ५४१, ४४१, २४१, ४८२. चौथी ओळ ३२३, आणि मग ५. काका, पोरंही तुमच्यासारखीच ओरडली. मग १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०. आणि ३३ व्या घरात ६४०.

क्षणभर सगळे शांत. मग तीच पोरगी म्हणाली, "सर, एकच दाना कमी आहे. एक टाकला का ढीग पुरा होते." मी फळ्याकडं बोट दाखवलं. ३३ व्या घरात ४,२९,४९,६७,२९६ दाणे. एक टाकला की ४,२९,४९,६७,२९७. कुलूप उघडलं.

पण पोरं थांबली नाहीत. पुढची ओळ भरत गेली: ६४०, ६३९, ६३७, ६३३, ६२५... आणि एका पोराच्या लक्षात आलं की वरच्या घरात १ तर चार ओळी खाली ६४०, वर २ तर खाली ६३९, वर ४ तर खाली ६३७. प्रत्येक जोडी ६४१. वरच्या ३२ घरांची खालच्या ३२ शी जोडी लागते, म्हणजे सगळ्या पटावरचे सुटे दाणे ३२ ढिगांत पुरे बसतात, एकही उरत नाही. सगळ्या पटाला ६४१ नं भाग जातो हे त्यांनी मोठा भागाकार न करता सिद्ध केलं. आठवीच्या पोरांनी, खडूनं.

मग पडताळा म्हणून गुणाकार केला. ६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७. बरोबर जुळला.

आता त्यांचे दोन प्रश्न. ६४१ च कसं सुचलं? आणि ६७,००,४१७ मूळ आहे का?

पूर्णाकाठ (गुरुवार, रात्री ८:१५)

पहिल्याचं उत्तर त्याच बाक्यांच्या पटावर आहे. कोणतीही विषम मूळ संख्या घेऊन बाक्या लिहीत गेलं की केव्हातरी पुन्हा १ येतो आणि चक्र परत सुरू होतं. ७ घेतला तर १, २, ४, १, २, ४. तीन-तीन घरांचं चक्र, प्रत्येक चक्राची बेरीज ७. ६३ घरांत अशी २१ चक्रं पुरी होतात आणि ६४ वं घर १ घेऊन उरतं. म्हणून तुम्हाला ७ नं भागल्यावर १ उरला होता.

ज्या मूळ संख्येनं कुलूप उघडणार, तिच्या पटावर ३३ व्या घरात 'एक कमी' यायला हवं. म्हणजे चक्र ३२ घरांत पुरं झालेलं नसतं, ते बरोबर ६४ घरांचंच असतं. आणि चक्राच्या लांबीनं 'मूळ संख्या वजा एक' ला भाग जातो, हा फर्माचाच नियम. म्हणून ती मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा एकानं मोठीच असणार. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. ऑयलरला अंधारात चाचपडावं लागलं नाही. पाचव्या दारावर कुलूप उघडलं.

मी १९३ चा पट भरून पाहिला, ३३ व्या घरात १०८ आले, १९२ नाही. २५७ ला तर नवव्या घरातच २५६ येतात आणि १७ व्या घरात चक्र पुरं होतं.

वर्गमूळ (गुरुवार, रात्री ९:३०)

नेमकं सांगितलंत. दुसऱ्या प्रश्नाला ल्युका या फ्रेंच गणितज्ञाची १८७८ मधली सुधारणा घ्या. ६४ ऐवजी १२८ ची पट चालते. ६४१ म्हणजे १२८ × ५ + १, आणि ६७,००,४१७ म्हणजे १२८ × ५२,३४७ + १. आता ६७,००,४१७ चा कोणताही मूळ अवयव त्याच साच्यातला, म्हणजे १२८ च्या पटीपेक्षा एकानं मोठा असणार, आणि तपासायचं ते वर्गमुळापर्यंत, म्हणजे २,५८८ पर्यंतच. त्या साच्यातल्या मूळ संख्या एवढ्याच: २५७, ६४१, ७६९, १,१५३, १,४०९. पाच भागाकार. शंभरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागणाऱ्या पोरांना हे जड नाही.

आणि बाकी शून्य नाही आली तर अवयव पुरे सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७, ६७,००,४१७. एकही दोनदा येत नाही. म्हणून या संख्येचे विभाजक २ चा ७ वा घात, १२८. पट समान वाट्यांत वाटायच्या १२८ रीती.

संख्यावेडी दर्यापूर (गुरुवार, रात्री १०:०५)

म्हणूनच हर्षद झाली नाही! सात अवयवांत २९ नाहीच. आता वाईट वाटत नाही, कारण कळलं.

सर, पोरांना एक गोष्ट सांगाल का? तुमच्या पटावर ज्या घरांपर्यंतची बेरीज मूळ संख्या येते अशी घरं फक्त नऊ आहेत: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ आणि ६१. त्यातली शेवटची, म्हणजे पहिल्या ६१ घरांची बेरीज २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१. ती मूळ आहे हे १८८३ मध्ये इव्हान पेर्वुशिननं दाखवलं. तो रशियातला पाद्री होता, खेड्यात राहायचा, विद्यापीठात नव्हता. हातानं गणित करायचा. ४,२९,४९,६७,२९७ च्या रांगेतल्या बऱ्याच पुढच्या दोन अवाढव्य संख्यांचा एकेक अवयवही त्यानं त्याआधी शोधला होता. तुमच्या पडवीत बसलेल्या पोरांना हा माणूस माहीत असावा असं मला फार वाटतं.

बाभुळबन (शुक्रवार, सकाळी ७:१५)

मुलानं रात्री ५ चा पट भरला. १, २, ४, ३, १, २, ४, ३. म्हणाला, चार घरांत दहा होतात, म्हणून ५ नं भाग जातो. आज तो ११ चा करणार आहे. दहा घरांचं चक्र लागतं का, ते बघायचं म्हणतो.

काळी कसदार (शुक्रवार, दुपारी १:०५)

मास्तर, माह्याकडं बियान्याची पाच किलो ज्वारी आहे, घरच्या पेराची. मेहकरवरून दारव्ह्याले एक पाव्हना येऊन राह्यला, त्याच्याजवळ देतो. आजीची दोन किलो वापस करा, बाकीची शाळेत ठेवा. सतराव्या घराले दोन किलो लागते, मी हिशेब केला.

पडवीतली शाळा (शुक्रवार, सायंकाळी ६:२५)

काका, पोरांना वाचून दाखवलं. ज्वारी सतराव्या घरात टाकतानाचा फोटो धाडतो.

पाचही भागाकार झाले. ६७,००,४१७ ला २५७ नं भागून १७० उरले, ६४१ नं ४४, ७६९ नं १२०, १,१५३ नं ३३४, १,४०९ नं ६२२. प्रत्येक भागाकार दोन-दोन गटांनी वेगवेगळा केला आणि मगच फळ्यावर लिहिला. १,१५३ चा तिसऱ्यांदा करावा लागला. सात अवयव कॅलेंडरच्या कागदावर आले. सगळ्यात मोठ्या घडीवरचा ४,२९,४९,६७,२९७ खोडून त्याच्या जागी त्याच पोरीनं दोन संख्या लिहिल्या.

जाता जाता तिनं विचारलं, पट सोळा बाय सोळाचा केला तर घड्या किती पडतील. मी आठ म्हणालो. मग ती म्हणाली, "म्हंजे कुलपं अजून दोन." सोमवारी कागद मोठा लागेल.